रनिंग शेडच्या पलीकडचा बाजार

१९४८ सालचा कामगार राज्य विमा कायदा आधी कारखाना म्हणजे काय ते सांगतो आणि व्याख्या संपवता संपवता दोन जागा तिच्यातून काढून टाकतो. एक खाण, दुसरी रेल्वेची रनिंग शेड. इगतपुरीत खाण नव्हती. शेड मात्र होती, आणि गावातल्या कितीतरी चुली तिच्यावर पेटत होत्या. १९३० पासून मुंबईची गाडी विजेच्या इंजिनानं इथवर यायची. इथं वीज संपायची आणि पुढं मनमाड-भुसावळकडं वाफेचं इंजिन तिला ओढायचं. त्या इंजिनांची राख काढणारे, बॉयलर धुणारे, फिटर, फायरमन, ड्रायव्हर या सगळ्यांची हजेरी शेडमध्ये लागायची. आरोग्य विम्याचा पहिला मोठा कायदा देशात आला तेव्हा गावातली ही सगळ्यात मोठी कामाची जागा त्यात बसत नव्हती.

रेल्वेच्या माणसाला त्याचं दुःख होण्याचं कारण नव्हतं. त्याला रेल्वेचा दवाखाना होता. दुःख व्हायचंच तर ते पलीकडच्या बाजारपेठेला व्हायला हवं होतं, कारण तिथल्या वाण्याला, शिंप्याला, हॉटेलवाल्याला ना रेल्वेचा दवाखाना लागू होता ना दिल्लीचा कायदा. पण विमा आपल्यालाही मिळायला हवा, असं १९४८ साली बाजारातल्या कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही. तो राग यायला पुढं पन्नास-साठ वर्षं जावी लागली. आजारपणाच्या खर्चात कुणाला आपलं म्हणायचं, कुणाला विमा कंपनीच्या दारात उभं करायचं आणि कुणाला दोन्हीकडून परत पाठवायचं, हे सरकार वेळोवेळी ठरवत आलं. घाटमाथ्यावरच्या या गावातून ते फार स्पष्ट दिसतं, कारण इथं आत असलेला आणि बाहेर राहिलेला एकमेकांचे शेजारी आहेत.

गाव रेल्वेनं वसवलं असं म्हणणं थोडं अतिशयोक्तीचं, पण फार खोटं नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी थळ घाट चढून इगतपुरीला पोचली ती १ जानेवारी १८६५ रोजी. मार्ग आखणारा मुख्य अभियंता जेम्स बर्कले १८६२ मध्येच वारला होता. गाडी वर चढलेली त्याला बघायला मिळाली नाही. दर सदतीस फुटांमागं एक फूट असा चढ, म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लावायची आणि इगतपुरीला सोडवायची. एवढ्या कामाला माणसं लागतात, माणसांना क्वार्टर लागतात, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात त्या माणसांना ताप, खोकला, दमा हे सगळं होतं. बोरघाटाच्या बांधकामावर पटकीनं मजुरांची जी दैना केली ती कंपनीनं पाहिलेली होती. आजारी मजूर म्हणजे थांबलेलं काम, हा हिशेब कळायला कंपनीला दयाळू असण्याची गरज नव्हती.

त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिला विमा म्हणत नाहीत, पण काम ती विम्याचंच करते. कर्मचारी आजारी पडला की वरिष्ठाकडून सिक मेमो घेतो, रेल्वेच्या डॉक्टरसमोर उभा राहतो, औषध घेतो, बरा झाला की फिट सर्टिफिकेट घेऊन ड्युटीवर येतो. बायकोपोरांची नावं मेडिकल कार्डावर. गावातल्या रेल्वे रुग्णालयात भागलं नाही तर कल्याण, तिथून भायखळा. बिल कुणी विचारत नाही.

या सोयीची दुसरी बाजू रेल्वेच्या घरांतच कळायची. औषध देणारा डॉक्टर आणि नोकरीला लायक ठरवणारा डॉक्टर एकच. ड्रायव्हरची नजर थोडी कमी झाली की त्याची वैद्यकीय श्रेणी खाली जायची, इंजिन सुटायचं, दुसऱ्या कामावर बसावं लागायचं. म्हणून डोळे दाखवायलाच टाळणारी माणसं असायची. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली देशभरचा रेल्वे संप सुरू झाला आणि सरकारनं बडतर्फीचं हत्यार काढलं. नोकरीबरोबर क्वार्टर जायचं, पास जायचा आणि मेडिकल कार्डही जायचं. एका सहीनं छप्पर आणि औषध दोन्ही काढून घेता येतं, हे रेल्वेच्या गावांना त्या वीस दिवसांत नीट समजलं. सरकारच्या सत्तेविषयी इगतपुरीत कुणाशी बोलायचं असेल तर सुरुवात इथून करावी लागते.

आता मागं, दिल्लीत. मार्च १९४३ मध्ये भारत सरकारनं प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं होतं. इंग्लंडात सामाजिक सुरक्षेवरचा बेव्हरिजचा अहवाल नुकताच गाजत होता, त्यामुळं आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ हे नाव चिकटलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन उद्योगांतल्या कामगारांसाठी सक्तीचा विमा, कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीतून. १९४६ मध्ये विधेयक आलं, एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. मुंबईच्या गिरणगावात ती १९५४ मध्ये आली.

आडारकरांना दोष देणं अन्यायाचं होईल. ज्याचा पगार दर महिन्याला एका मालकाच्या वहीत लिहिला जातो त्याचीच वर्गणी कापता येते, ही त्यांची अडचण खरी होती. भात विकणाऱ्या शेतकऱ्याची, टपरीवाल्याची, हमालाची वर्गणी कुठल्या वहीतून कापणार? पण जे त्या काळी सोयीसाठी केलं तेच पुढं कायमचं झालं. मस्टरवर नाव असलेला माणूस सरकारच्या खात्यात आला, बाकीच्यांसाठी सरकारी दवाखाना आणि देव.

बाकीच्यांसाठी पुढं आला तो विमा उतरवण्याचा धंदा, आणि तोही सरकारच्या हातून. हा भाग मराठी माणसानं जास्त बारकाईनं वाचावा असा आहे. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं. मुंबईत गोळीबार सुरू झाले. त्याच आठवड्यात, १९ जानेवारीच्या रात्री, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख त्याच आकाशवाणीवरून बोलले आणि त्यांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. कंपन्यांना पैसे हलवायला वेळ मिळू नये म्हणून अध्यादेश आधीच तयार होता. २४५ संस्था एका फटक्यात सरकारजमा झाल्या. ज्या माणसानं सरकारची ही ताकद वापरली त्यानंच सहा महिन्यांत, जुलैमध्ये, मुंबईच्या प्रश्नावर आणि गोळीबाराची चौकशी होत नाही म्हणून राजीनामा दिला. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं तेव्हा देशमुख मंत्री नव्हते. दिल्लीच्या सत्तेनं जनतेचा पैसा वाचवावा असं मानणारा आणि त्याच सत्तेनं जनतेवर गोळी झाडली की तिच्यातून बाहेर पडणारा, असा हा एकच माणूस. नंतरच्या विमा-वादात हे दोन्ही एकत्र दिसत नाहीत. कुणी सरकारच्या बाजूचा, कुणी बाजाराच्या.

सर्वसाधारण विम्याची पाळी १९७१ मध्ये आली. मे महिन्यात व्यवस्थापन ताब्यात, १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. आग, ट्रक, जहाज यांचा विमा त्या उतरवत. माणसाच्या दुखण्याचा विमा त्यांनी सर्वसामान्यांसाठी काढला तो १९८६ मध्ये. मेडिक्लेम. दुकानं चार आणि माल एक; चौघांचा कागद सारखा, हप्ताही सारखा. हप्त्यावर आयकरात सवलत देणारं ८०-डी कलमही त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पातलं. म्हणजे ‘खासगी’ आरोग्य विमा म्हणून आपण आज ज्याला ओळखतो तो या देशात सरकारी कंपनीच्या काउंटरवर जन्माला आला.

हा कागद नाशिकच्या शाखेतून इगतपुरी-घोटीच्या बाजारात पोचला. भाताची गिरणी चालवणारे, लॉजवाले, औषधांचे दुकानदार, ट्रकमालक ही त्याची गिऱ्हाइकं. कागद उलटून बघण्यासारखा होता. चौथ्या कलमात काय मिळणार नाही त्याची यादी. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेलं दुखणं नाही. पहिल्या तीस दिवसांत झालेला आजार नाही. पहिल्या वर्षभरात मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, भगंदर, सायनस, प्रोस्टेट आणि गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया नाही. बाळंतपण नाही. साठीच्या आसपासच्या माणसाच्या अंगात जे जे असू शकतं त्याची ही जवळजवळ पूर्ण हजेरी.

त्याहून मासलेवाईक होती ती रुग्णालयाची व्याख्या. नव्वदीतल्या मेडिक्लेममध्ये रुग्णालय म्हणजे स्थानिक संस्थेकडं नोंदवलेलं, किंवा मग निदान पंधरा खाटांचं, स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर असलेलं, चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका असलेलं. ‘क’ वर्गाच्या गावांसाठी मेहेरबानी करून खाटा दहावर आणल्या होत्या. डॉक्टर खाली राहतात, वरच्या मजल्यावर चार खाटा आणि एक सलाईनचा स्टँड, असे दवाखाने ज्या गावात असतात तिथं ही व्याख्या वाचून बघावी. पावसाळ्यात निमोनिया झालेल्या म्हातारीला कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं वाचवलं तर बिल नामंजूर होण्याची धास्ती, आणि पंचेचाळीस किलोमीटरवर नाशिकला नेलं तर मंजूर होण्याची आशा. हप्ता मात्र इगतपुरीचा आणि मुंबईचा एकच.

एक गोष्ट त्या एकाधिकाराच्या बाजूनं सांगितली पाहिजे. कंपनी सरकारी असल्यामुळं तिला राज्यघटना लागू होती. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयुर्विमा महामंडळाला फटकारलं, कारण एक स्वस्त मुदत-विमा योजना महामंडळ फक्त सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांतल्या पगारदारांनाच विकत होतं. दुकानदार, शेतकरी, सुतार यांना ती बंद. न्यायालयानं ही अट घटनाबाह्य ठरवली. इगतपुरीच्या भाषेत सांगायचं तर शेडमधल्याला देता ते बाजारातल्याला का नाही, एवढाच तो खटला होता. २००१ मध्ये आणखी एका निकालात न्यायालय म्हणालं की ग्राहक पूर्वी कोर्टात गेला होता म्हणून सरकारी विमा कंपनी त्याच्या मेडिक्लेमचं नूतनीकरण नाकारू शकत नाही, तिनं मनमानी करायची नसते. खासगी कंपनीला या धाग्यानं बांधता आलं नसतं.

तोपर्यंत खासगी कंपन्या दारात उभ्या होत्याच. मल्होत्रा समितीनं १९९४ मध्ये वाट दाखवली, विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी विरोधात संप केले, सह्यांच्या मोहिमा काढल्या, आणि डिसेंबर १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा संसदेत मंजूर होऊन बाजार उघडला.

१९९९ हे साल महाराष्ट्रासाठी आणखी एका कागदाचं आहे. १ मे रोजी राज्यानं तिरंगी शिधापत्रिका आणल्या. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर शुभ्र. हे रेशनच्या साखर-रॉकेलसाठी होतं. पुढं याच रंगावर ऑपरेशन ठरणार आहे याची त्या दिवशी तहसील कचेरीत रांगेत उभ्या असलेल्या कुणाला कल्पना असण्याचं कारण नव्हतं. कित्येकांनी तर शुभ्र कार्ड हौसेनं घेतलं. एक लाखाची ती रेघ मात्र जागची हलली नाही. महागाई वाढली, भाताचे भाव वाढले, हमालाची मजुरी वाढली आणि दोन कमावती पोरं असलेलं हमालाचं घरसुद्धा कागदोपत्री श्रीमंत झालं.

रंगाचा आजाराशी संबंध जुळला २०१२ मध्ये. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना: पिवळ्या आणि केशरी कार्डावरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाखांपर्यंत उपचार, ९७२ प्रकारच्या शस्त्रक्रिया आणि उपचार. सरकार दर कुटुंबामागं ३३३ रुपये हप्ता नॅशनल इन्शुरन्स कंपनीला भरणार आणि रुग्ण खासगी रुग्णालयातही जाऊ शकणार. पृथ्वीराज चव्हाणांच्या सरकारची ही चांगली योजना होती, त्यात शंका नाही. पण २ जुलै २०१२ रोजी ती सुरू झाली आठ जिल्ह्यांत: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि उपनगर. नाशिक त्यात नव्हतं.

हा राग नकाशावर मोजता येतो. उत्तरेला धुळ्याच्या माणसाला योजना, दक्षिणेला रायगडच्या माणसाला योजना, मधल्या इगतपुरीच्या माणसाचं कार्ड तेवढंच केशरी, तेवढंच फाटकं, आणि निरुपयोगी. हृदयाच्या झडपेला सरकारनं किंमत लावली होती, पण ती झडप कुठल्या जिल्ह्यात धडधडते ते बघून. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी नागपूरला सोनिया गांधींच्या हस्ते उरलेल्या जिल्ह्यांचा समावेश झाला. मधल्या सोळा-सतरा महिन्यांत ज्यांना ऑपरेशन करावं लागलं त्यांनी काय विकलं, हे कुठल्या शासकीय अहवालात येत नाही. आमदाराच्या कार्यालयातून पत्र घ्यायचं, मुख्यमंत्री निधीला अर्ज करायचा, मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठीच्या दहा टक्के खाटांपैकी एखादी मिळते का बघायचं, हा तेव्हाचा मार्ग होता. सत्तेच्या जवळचा माणूस ओळखीचा असणं हाच कित्येकांचा विमा.

नाशिक योजनेत आल्यावरही पाड्यांवर ती पोचायला वेळ लागला. कार्ड पिवळं असणाऱ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांना अडचण रंगाची नव्हती. यादीतल्या रुग्णालयापर्यंत जायचं कसं आणि तिथं आपलं कोण, ही होती. पुढं घोटीजवळ धामणगावच्या नंदी हिल्सवर एसएमबीटीचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय उभं राहिलं, योजनेतले उपचार तालुक्यातच होऊ लागले आणि अंतराचा प्रश्न बराच सैल झाला. पण विम्याच्या राजकारणात आवाज ऐकू येतो तो बाजारपेठेचा, पाड्यांचा नाही, आणि हा लेखही त्याला फारसा अपवाद नाही.

२०१५ मध्ये या गोष्टीला एक वेगळंच वळण लागता लागता राहिलं. इगतपुरीहून नाशिककडं निघालं की वाडीवऱ्हे-गोंदे परिसरात कारखाने लागतात. इगतपुरीलगत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. शेड मागं पडली आणि तालुक्यातली पोरं आता या पट्ट्यात कामाला जातात. त्यातल्या कमी पगाराच्या कामगारांना आडारकरांचा तो जुना विमा, ईएसआय, लागू. कार्ड आहे, दवाखाना सातपूरला. २८ फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटली म्हणाले की कामगाराला ईएसआय किंवा नियामकानं मान्य केलेला दुसरा आरोग्य विमा यातून निवड करता यावी. ऐकायला साधी गोष्ट. पैसा माझ्या पगारातून जातो, मग दवाखाना मी का निवडू नये? कामगार संघटना मात्र एकजात विरोधात गेल्या, भाजपच्या परिवारातला भारतीय मजदूर संघसुद्धा. त्यांचं म्हणणं असं की तरुण, धडधाकट कामगार खासगी पॉलिसीकडं गेले की ईएसआयमध्ये म्हातारे आणि दुखणाईत उरतील आणि सगळी योजनाच बसेल. शिवाय आजारपणातली पगाराची भरपाई, बाळंतपणाची रजा, अपघातानंतरचं निवृत्तिवेतन हे कुठली मेडिक्लेम देते? प्रस्ताव गुंडाळला गेला.

मला संघटनांचं म्हणणं हिशेबाला बरोबर वाटतं आणि कामगाराचा वैताग अनुभवाला बरोबर वाटतो. त्या वैतागाचं खरं टोक पगाराच्या मर्यादेत आहे. २०१७ पासून ती २१,००० रुपये. कारखान्यात दोन वर्षं राबून पगार २१,३०० झाला की चालू सहामाहीनंतर ईएसआय बंद. आईचं डायलिसिस चालू असलेल्या पोरासाठी वाढ ही गोड बातमी राहत नाही. खाली सरकारी कार्ड, वर कंपनीचा गट-विमा, आणि मधल्या पायरीवर कंत्राटदाराकडं काम करणारा, ज्याला दुसरं मिळेलच याची खात्री नाही.

तिकडं पॉलिसीवाल्यांचेही हाल निराळे होते. १ जुलै २०१० पासून चारही सरकारी कंपन्यांनी मुंबईसह मोठ्या शहरांत बड्या रुग्णालयांची कॅशलेस सोय एकाएकी थांबवली. कारण बिलं फुगतात. असेलही. पण घाट उतरून मुंबईला ॲंजिओप्लास्टीसाठी नेलेल्या माणसाला काउंटरवर सांगायचं की आधी रोख भरा, मग कागद पाठवा, म्हणजे दुकानाची उलाढाल एका दुपारी काढून आणा. ऑक्टोबर २०११ पासून पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडं नेण्याची मुभा आली, २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर नूतनीकरण बंधनकारक केलं, एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चारवरून तीन वर्षांवर आली आणि पासष्टीनंतर पॉलिसीच नाही हे कारण संपलं. यातली एकही सुधारणा कंपन्यांनी आपणहून केलेली नाही. नियामकानं, म्हणजे पुन्हा सरकारच्याच एका हातानं, ती करायला लावली. सरकार बाजूला झालं की सगळं सुरळीत होईल, असं सांगणाऱ्यांना या तारखा दाखवाव्यात.

करोनानं सगळ्या रेघा काही महिन्यांसाठी पुसल्या. १८९७ चा साथरोग कायदा, जो मुळात मुंबईच्या प्लेगसाठी आणला होता, तो मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला. २१ मे रोजी राज्यानं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे २०१७ मध्ये नाव बदललेली तीच जीवनदायी, शुभ्र कार्डवाल्यांनाही खुली केली. वर्षानुवर्षं ‘शक्य नाही’ असं जे सांगितलं जात होतं ते एका शासन निर्णयानं झालं. कागदावर झालं, खाट मिळणं वेगळं. तरी बाजारपेठेला एक गोष्ट कळून चुकली: रंग बघणं ही सरकारची गरज नव्हती, सवय होती.

म्हणूनच साथ ओसरल्यावर मागं जाणं अवघड झालं. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं, २८ जुलैला शासन निर्णय निघाला, आणि १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण १,३५६ उपचारांसाठी लागू झालं. केशरीसाठी तलाठ्याकडं उत्पन्न कमी दाखवून आणणाऱ्यांच्या खटपटीला यात निदान दवाखान्यापुरतं कारण उरलं नाही.

नेमक्या त्याच महिन्यात दुसरी ठिणगी उडाली, तीही महाराष्ट्रातून. २८ जुलै २०२४ रोजी नितीन गडकरींनी आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं. नागपूर विभागाच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेचं निवेदन त्यांनी पुढं पाठवलं होतं: आयुर्विमा आणि वैद्यकीय विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढा, आयुष्याच्या अनिश्चिततेवर कर लावणं बरं नाही. पत्र फुटलं आणि ऑगस्टमध्ये विरोधी खासदारांनी संसदेच्या दारात त्यावर निदर्शनं केली. निर्मला सीतारामन यांनी उत्तर दिलं की हा कर जीएसटीच्या आधीपासूनच आहे. ते खरंच होतं. १ जुलै १९९४ रोजी देशात सेवाकर सुरू झाला तेव्हा पहिल्या तीन सेवांत टेलिफोन आणि शेअर दलालांबरोबर सर्वसाधारण विमा होता, आणि मेडिक्लेम त्याच पोटात. पाच टक्क्यांवरून तो वाढत वाढत २०१७ मध्ये अठरावर गेला. ज्या माणसाला सरकारनं रेल्वेत घेतलं नाही, ईएसआयमध्ये घेतलं नाही, पिवळ्या-केशरीत मोजलं नाही, त्यानं स्वतःच्या पैशानं स्वतःची सोय केली, तर त्या सोयीवर तीस वर्षं कर. बाजारपेठेच्या तक्रारीत मला सगळ्यात बिनतोड वाटते ती ही.

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेच्या छप्पन्नाव्या बैठकीनं वैयक्तिक आरोग्य विमा करमुक्त केला, २२ सप्टेंबरपासून. कर गेला तशी कंपन्यांची खर्चावरच्या कराची वजावटही गेली, आणि काहींनी तो बोजा एजंटांच्या कमिशनवर ढकलला. त्यामुळं सध्या गावोगावचे विमा एजंट करमाफीचं कौतुक जरा हात राखूनच करतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून सारखा विचारला जाणारा प्रश्नही बदलला आहे. पूर्वी लोक विचारायचे, हर्निया पहिल्या वर्षी मिळेल का? आता विचारतात, शासनाचं पाच लाखांचं आहे ना, मग तुमचं कशाला? यावर जाणता एजंट वाद घालत नाही. योजनेतल्या रुग्णालयांची यादी आणि कंपनीच्या रुग्णालयांची यादी दोन्ही मोबाइलवर काढतो, आणि गेल्या वर्षी घरातलं कोण कुठल्या दवाखान्यात दाखल झालं होतं तेवढं विचारतो.